बोल्टच्या भोकातला झेंडू

वाळलेला झेंडू दिसला की ती केस समोर येते. पोलीस खात्यातून मी लवकर बाहेर पडले. ‘माजी सब-इन्स्पेक्टर’ म्हटलं की लोक माझ्या वयाकडे बघतात. तेव्हा मी जैनथ गावच्या ठाण्यात होते आणि क्वार्टरमध्ये एकटी राहायचे.

दिवाळी उलटली होती. दवाखान्यातून ठाण्यात फोन आला: कापसाच्या जिनिंगमध्ये झाडलोट करणाऱ्या बाईचा हात मशीनच्या पट्ट्यात गेला, कोपरापासून काढावा लागला. जबाब घ्यायला गेले तेव्हा तिच्या खाटेजवळ कोणी नव्हतं.

“मालक म्हनते, झाकण मीच उघडलं,” ती म्हणाली. “हात तं गेलाच मॅडम. आता चूकबी माहीच काऊन?”

जिनिंगमध्ये पट्ट्याचं लोखंडी झाकण भिंतीला टेकवलेलं होतं. मालक म्हणाला, “कायदा म्हनते झाकण पाहिजे. हे काय, आहे! साफ करताना मशीन बंद करा, स्विचले कुलूप लावा, ह्या तं नुसत्या सूचना. ‘गाईडलाईन’ म्हंजे सल्ला. तुमी कॉन्व्हेंटवाल्या, तुमाले इंग्रजी समजते ना?”

मी कारखाना निरीक्षकांना फोन लावला. ते म्हणाले, “सूचना म्हणजे कायदा नाही, हे खरं. कायदा म्हणतो, माणसाला इजा होऊ देऊ नका. ते कसं करायचं, हे सूचना सांगतात. त्यांची रीत सोडली, तर मग दुसऱ्या कोणत्या रीतीनं माणूस सांभाळला, हे मालकाला विचारा.”

पंचनामा करताना मशीनकडे नीट पाहिलं. झाकणाचे बोल्ट जिथे बसतात, त्या भोकांतून झेंडूचा हार ओवलेला होता. पार वाळलेला. म्हणजे बोल्ट तिथे कधीचेच नव्हते.

मी जिनिंगच्या फिटरला ठाण्यात बोलावलं. मला फार बोलता येत नाही. चौकशीत त्याचा उपयोग होतो. समोरच्याला शांतता सोसत नाही.

“खंडेनवमीले काढलं,” शेवटी तोच म्हणाला. “पूजा मशीनची असते, पत्र्याची थोडीच?”

“परत का नाही बसवलं?”

“देवाचा हार तोडत नाईत मॅडम, आपसूक गळू द्या लागते. मंग सीझन लागला. मालक म्हने, राहू दे, झाडू माराले सोपं जाते.”

गुन्हा मालकावर नोंदवला. सांगायला मी पुन्हा दवाखान्यात गेले.

“म्हंजे मी खोटी नाई?”

“नाही, मावशी.”

कायदा काय हवं ते सांगतो, सूचना कसं ते सांगतात. पण रोज मशीनजवळ जाऊन बघणारं माणूस नसेल तर दोन्ही एकटे पडतात, हे मी तिथे शिकले.

“तुमच्या घरी कोनी वाट पाहून राह्यलं का?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मंग बसा जरा.”

मी बसले. भेटीची वेळ संपेपर्यंत तिच्याकडे दुसरं कोणी आलं नाही. माझाही फोन वाजला नाही.