रविवारी तपासलेला वजनकाटा

दवाखान्याच्या उपकरण विभागात बावीस वर्षं काढलेल्या त्या बाईंना सगळे पाठीमागे ‘खडूसताई’ म्हणायचे. रक्तदाबाची यंत्रं, थर्मामीटर, वजनकाटे बरोबर मापतात की नाही, हे पाहणं त्यांचं काम. तपासणीची प्रमाणित वजनं त्या हातमोजे घातल्याशिवाय उचलत नसत. “आमची सून मीठसुद्धा मोजून घालते,” असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या.

महिन्याच्या रजेवरून त्या परतल्या, त्या सकाळी बाळांच्या तपासणीखोलीत एक तरुण आई रडकुंडीला आली होती.

“सिस्टर, पोर सुकत चाललंय हो. झबली सैल व्हायला लागलीत.”

“चार किलो चारशे भरलंय,” सिस्टर म्हणाल्या. “मागच्या महिन्यात तुमच्या डॉक्टरांकडे चार शंभर होतं ना? मग? पहिलटकरणींना असंच वाटतं. काटा काय खोटं बोलतो?”

खडूसताई दारातच थबकल्या. वजनांची पेटी आणून त्यांनी चार किलोचं वजन काट्यावर ठेवलं. आकडा आला चार किलो चारशे. पुन्हा ठेवलं, तेच. म्हणजे बाळ खरं तर चारच किलोचं होतं. वाढणं राहिलं बाजूला, ते घटलं होतं.

काट्याच्या कडेला ‘तपासले’ अशी चिठ्ठी होती. खाली विभागाच्या साहेबांची सही, आणि तारीख रविवारची. रविवारी विभागाला कुलूप असतं.

बाळाला दाखल करून घ्यायला सांगून त्या तडक साहेबांकडे गेल्या.

“वरून पाहणी यायची होती. पन्नास यंत्रं, त्यात तुम्ही रजेवर,” साहेब म्हणाले. “चिकटवल्या चिठ्ठ्या. एवढं काय आभाळ कोसळलं?”

“पोराचं वजन कोसळलं, साहेब. आणि त्याच्या आईला आपण वेड्यात काढलं.”

“हळू बोला. काटा गुपचूप दुरुस्तीला पाठवू.”

“गुपचूप काही नाही.”

त्यांनी नोंदवहीत सगळं नीट लिहिलं आणि त्याची प्रत थेट मुख्य डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. मग चार दिवस खपून पन्नासही यंत्रं तपासली. सात चुकीची निघाली. त्यांवर तपासलेल्या रुग्णांना परत बोलवावं लागलं. साहेबांना तोंडी समज मिळाली. खडूसताईंना मात्र लेखी मेमो, वरिष्ठांना डावलल्याबद्दल. तो त्यांनी खणात टाकला.

आठवड्यानं बाळ दूध नीट ओढू लागलं. त्या वॉर्डात जाऊन आईला म्हणाल्या, “बाई, तुमचंच बरोबर होतं. चूक आमच्या काट्याची होती.”

आईनं आभार मानले नाहीत. “रात्रंदिवस वाटायचं, मलाच आई होता येत नाही,” ती म्हणाली. “सिस्टरही तेच म्हणाल्या, सासूही तेच.”

त्या सासूला तरी समजावून सांगावं, म्हणून भेटीची वेळ होईपर्यंत खडूसताई तिथल्या स्टुलावर बसून राहिल्या.