आईने मागवलेलं कढीपत्त्याचं रोप

मंडळी, आत्ताच घरी आलेय आणि डोकं फिरलंय.

या समरच्या सुट्टीत मी इथल्या एअरपोर्टवर कस्टम्समध्ये स्टुडंट ऑफिसर आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. आज माझ्या टेबलावर बॅग घेऊन कोण यावं? आमच्या इथल्या शेजारच्या काकू, थेट पुण्याहून परत येताना!

"झाडं, बिया, खायचं काही आहे?" मी विचारलं.

"छे गं, नुसत्या साड्या."

साडीच्या घडीत ओल्या कागदात गुंडाळलेलं कढीपत्त्याचं रोप निघालं, मातीसकट. बाहेरच्या देशातून असलं काही आणायला इथे सक्त बंदी आहे.

काकू हळूच म्हणाल्या, "अगं, तुझ्या आईनेच मागवलंय. म्हणाली, बिनधास्त आणा, आमची श्रुती तिथेच असते."

मी सुपरवायझरला बोलावलं. रोप जप्त झालं. काकूंना वॉर्निंग मिळाली, आणि या बाई माझ्या ओळखीच्या आहेत हे मला सगळ्यांसमोर सांगावं लागलं.

घरी आले तर आईचा पहिला प्रश्न, "रोप आणलंस?" नाही म्हटल्यावर म्हणते, "मग तू तिथे असून उपयोग काय?"

ही नोकरी लागली तेव्हा आईने अख्ख्या मराठी मंडळात पेढे वाटले होते. मला वाटलं, माझं कौतुक चाललंय.

यार, तुम्हीच सांगा, ते पेढे नक्की कशाचे होते?