काकीनं पास केलेला नीलम

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर चंदनबाला काकीला सगळे ओळखायचे ते तिच्या नजरेमुळे. आमच्या दुकानात उत्तरेच्या खिडकीला तिची बैठक होती. गिऱ्हाइकानं आणलेला खडा ती आधी ओठाला लावायची. काच असली तर लगेच ऊब धरते, खरा खडा गार राहतो. मग तो उजेडात धरून फिरवायची आणि दोनच शब्द बोलायची, "साफ हाय" नाहीतर "चीर हाय". शेजारचे सराफसुद्धा कागदाच्या पुड्या घेऊन तिच्याकडे यायचे आणि ती म्हणेल ते मुकाट ऐकायचे. काका वारले तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. हे काम तिला तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी शिकवलं. विधवा सून दुकानात बसवली म्हणून समाजानं त्यांना पुष्कळ नावं ठेवली. नावं ठेवणारे दमले, काकी चाळीस वर्षं बसून राहिली.

मी जवाहर, तिचा पुतण्या. खडे बसवायचं काम माझं. माझा स्वभाव तापट आणि त्यात हौशी. असा माणूस धंद्यात मार खातो, असं वडील म्हणायचे. मी मार दुसऱ्याला खायला लावला, एवढाच फरक.

पंचाण्णव साली काकीनं एक पुष्कराज साफ म्हणून माझ्याकडे सरकवला. भिंगातून पाहतो तर आत चांगली मोठी चीर. मी खडा गुपचूप व्यापाऱ्याला परत केला. मग काकीवर लक्ष ठेवलं. बोलताना ती माणसाच्या तोंडाकडे न बघता खांद्याकडे बघायची. तांदूळ निवडायचं काम तिनं माझ्या बायकोवर टाकलं होतं. बहिणीकडे जाते म्हणून एकदा मिरजेला गेली आणि येताना डॉक्टरांचा कागद पिशवीत विसरली, तो मी वाचला. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला होता. कडेचं दिसत होतं, मधलं जात चाललं होतं. त्यावर उपचार नव्हता.

त्याच दिवशी तिच्याजवळ बसून बोलायला हवं होतं. पण लोक आमच्याकडे यायचे ते काकीसाठी, माझ्यासाठी नाही. म्हणून मी गप्प बसलो. ती खडा पास करायची आणि तिच्यामागं मी तो पुन्हा तपासायचो. माझी नजर तिच्याइतकी तयार नव्हती, पण नेहमीच्या अंगठीत ते खपून गेलं. कोंदणात खडा नुसता बसलेला असतो, त्याच्यावर जोर नसतो. बारीकसारीक चीर असली तरी तो जन्मभर टिकतो.

सत्त्याण्णव साली धवल दुकानात आला. साताऱ्याचा इंजिनिअर, कंपनीनं सहा महिने जर्मनीला पाठवलेला. आमच्या गल्लीतल्या मयूरीशी त्याचं लग्न ठरलं होतं आणि तिच्यासाठी त्याला अंगठी हवी होती. त्यानं एका मासिकातलं पान पुढं ठेवलं. अंगठीचं कडं वरच्या बाजूला तुटलेलं, आणि त्या दोन टोकांच्या मध्ये खडा. वर काटे नाहीत, खाली आधार नाही. कडक सोन्याची दोन टोकं त्याला दोन्हीकडून दाबून धरतात, बस. आपल्याकडं अशी अंगठी कुणी केलेली नव्हती. ती मी करणार, हे मी त्याच क्षणी ठरवून टाकलं.

मयूरीला पाचू हवा होता. काकीनं ते तिथंच मोडून काढलं. "पाचू आतनंच भेगाळलेला असतोय, बाळ. हितं तर त्याला दोन्ही अंगानं चेपायचं हाय. न्हाई टिकायचा. मोती, पोवळं तर नावच काढू नगं. हिरा घे, माणिक घे, न्हाईतर पुष्कराज, नीलम. आन् त्यात बी कडंला चीर नसलेला."

धवलच्या आईकडे तिच्या सासूचा नीलम होता. नीलम लाभला तर लाभतो, नाहीतर घात करतो, म्हणून तो आधी उशाखाली ठेवून बघायची पद्धत. मयूरी तीन रात्री तो उशाखाली घेऊन झोपली. वाईट स्वप्न पडलं नाही, घरात कुणी आजारी पडलं नाही. चौथ्या दिवशी खडा काकीपुढं आला.

काकीनं तो ओठाला लावला. उजेडात धरला, फिरवला, पुन्हा फिरवला. नेहमीपेक्षा फार वेळ घेतला. मग म्हणाली, "साफ हाय."

मी भिंग लावलं. कडेला केसाएवढी रेघ दिसली. पॉलिशची असेल, मी मनाशी म्हटलं, काकीनं साफ म्हटलंय ना. तिला दिसत नाही हे दुकानात फक्त मला माहीत होतं, आणि तिच्याच शब्दाचा आधार घेऊन मी कामाला लागलो. अठरा कॅरेटचं सोनं ठोकून ठोकून कडक केलं, टोकांना बारीक खाचा पाडल्या, कडं ताणून नीलम त्यात बसवला आणि सोडलं. खडा हवेत तरंगतोय असं वाटत होतं. कट्ट्यावरचे लोक दोन दिवस ती बघायला येत होते आणि मी कुणालाही नको म्हटलं नाही.

साखरपुडा साताऱ्याला झाला. मी गेलो होतो, काकी आली नव्हती. धवलच्या आईला, शकुंतलाबाईंना, मी तिथंच पाहिलं. यजमान जाऊन दोन वर्षं झालेली. सगळं हौसेनं केलं त्यांनी, पण मोकळ्या कपाळानं सवाष्णींच्या मागं उभं राहून.

तीन आठवड्यांनी मयूरी दुकानात आली ती रडतच. हात धुताना अंगठी नळाला लागली होती आणि खड्याचे दोन तुकडे झाले होते. साताऱ्याहून शकुंतलाबाईंचा निरोप आला होता, 'नीलमानं कौल दिला. या घरानं आधीच पुष्कळ सोसलंय, आता आणखी परीक्षा नको.' लग्न महिन्यावर आलं होतं. धवल आईपुढं काही बोलत नव्हता.

लाज वाटते, तरी सांगतो. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आपण सुटलो. दोष शनीवर गेला होता, उरलेला त्या पोरीवर. दुकानाचं कुणी नावही काढलं नव्हतं.

काकीनं तुकडे मागून घेतले आणि फुटलेल्या बाजूवरून नख फिरवलं. "जवाहर, हितं कडंला काळं हाय का?"

होतं. ताजा तुटलेला भाग चकचकीत होता आणि कडेच्या पट्टीत जुना मळ बसला होता.

"म्हंजे चीर आधीचीच. तीन आठवड्यांत एवढा मळ जात न्हाई आत." तिनं तुकडे कागदाच्या पुडीत बांधले. "उद्या साताऱ्याला जायचं."

"काकी, माझ्यावर घेतो ना. जास्त चेपला म्हणून सांगतो."

"खोटं कशाला? खडा मी पास केला."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही शकुंतलाबाईंच्या घरी बसलो होतो. धवल होता, त्याचे चुलते लालासाहेब होते. काकीनं चहा नको म्हटलं आणि सरळ सांगितलं, "खडा आधीच चिरलेला हुता. मला दिसलं न्हाई. माझे डोळे गेलेत. पोरीचा दोष न्हाई."

लालासाहेब हात जोडून हसले. "काकी, तुमची नजर आम्ही ऐकून आहोत. पोरीचं मोडू नये म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय. मोठं मन आहे तुमचं."

"तुम्हाला चीर दिसली नाही, हे मला पटत नाही," शकुंतलाबाई म्हणाल्या.

चाळीस वर्षांत कमावलेलं नाव आता तिचंच खरं ऐकू देत नव्हतं. काकी आवाजाच्या दिशेला वळली.

"बाई, तुमी समोर बसलाय. मला तुमचा कान दिसतोय, पदराचा काठ दिसतोय. मधलं तोंड दिसत न्हाई. तुमी कपाळाला कुंकू गोल लावलंय का आडवं, तेवढं बी मला सांगता यायचं न्हाई."

शकुंतलाबाईंचा हात कपाळाकडे गेला आणि तिथंच राहिला. लालासाहेबांनी मान खाली घातली. जिनं स्वतः चाळीस वर्षं मोकळ्या कपाळानं काढली, ती दुसऱ्या विधवेला हे जाणूनबुजून कधीच म्हणणार नाही, एवढं तिथल्या प्रत्येकाला कळलं. काकीला काहीच कळलं नव्हतं. मान थोडी वाकडी करून ती उत्तराची वाट बघत होती.

शकुंतलाबाई उठल्या. मला वाटलं, आत निघून जातील. त्या काकीशेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. "तारीख आहे तीच राहू दे," त्या धवलला म्हणाल्या.

परतीच्या एस.टी.त कराड गेल्यावर काकीनं विचारलं, "सगळी एकदम गप का झाली रं?"

मी सांगितलं. तिनं पदर तोंडाशी धरला आणि इस्लामपूर येईपर्यंत रडत होती. मग डोळे पुसून म्हणाली, "आता तुला बी सांगते. दोन वर्षं झाली मला न्हाई दिसत. मिरजंच्या डॉक्टरनं सांगितलंय. तू माझ्या शब्दावर खडं बसवतोस आन् मी तुला फसवते, म्हणून जेवण जात न्हवतं मला. क्षमा कर बाबा."

"मला माहीत होतं, काकी."

"कवापासनं?"

"पहिल्यापासून."

ती बराच वेळ माझ्या खांद्याकडे बघत राहिली. "मग मला खिडकीत बसवलंस कशाला?"

आष्टा आलं आणि गेलं. सांगलीच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी आधी उतरलो आणि तिला धरायला हात पुढं केला. तो तिला दिसला. तिनं तो बाजूला सारला आणि पायानं पायरी चाचपत एकटी खाली उतरली.