लोंबता दोरा

आमच्या गल्लीत माणूस आजारी पडला तर डॉक्टर गाठायला टांगा करावा लागे. जनावर आजारी पडलं की मात्र डॉक्टर पैशाला पासरी. ज्याला स्वतःच्या पोराच्या तापाचं कारण सांगता येत नव्हतं, तो कुत्र्याच्या शेपटीकडं नुसतं बघून रोग सांगायचा. कुत्रं खोकलं की घशात हाड, मांजर ओकलं की उष्णता, आणि दोन्हींत बसलं नाही की जंत. सोलापुरात उष्णता सांगितली की निदान सहसा खोटंही पडत नसे.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या घराला लागूनच यंत्रमागांचा कारखाना होता. चादरी निघायच्या. सुताला खळ लावतात, म्हणजे पिठाची कांजी. तिच्या वासानं उंदीर येतात आणि उंदरांसाठी बोका ठेवावा लागतो. तसा एक तांबडा बोका आमच्याकडं होता. घरचे त्याला मागाच्या धोट्यासारखं, तेलाच्या बुधलीसारखं कारखान्याचं सामान समजत. मला तो फार आवडायचा. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि घरात माझं ऐकून घेणारा तो एकटाच होता. तोही ऐकताना पंजा चाटत बसे, पण उठून तरी जात नसे.

आता काकांविषयी सांगायला हवं. वडलांचे धाकटे भाऊ. मागावर त्यांच्यासारखा हात अख्ख्या पेठेत नाही असं सगळे म्हणत, आणि काका स्वतः ते सगळ्यांपेक्षा जास्त वेळा म्हणत. लोंबता दोरा त्यांना बघवत नसे. विणकराच्या घरात लहानपणापासून हेच शिकवतात: सुटलेलं टोक दिसलं की चिमटीत धर, ओढ, बोटाला गुंडाळ. काका ते देवळातही करत आणि परक्यांच्या अंगावरही. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या नव्या कोटाचा दोरा ओढला आणि बाही खांद्यापासून उसवली. अक्षता पडेपर्यंत बिचारा हात अंगाशी आवळून उभा होता. काकांना त्यात चूक दिसली ती शिंप्याची.

एका वैशाखात बोक्यानं खाणं सोडलं. पाणी प्यायचा आणि लगेच ओकायचा. मागाखाली पोट आखडून बसायचा, पोटाला हात लावला की गुरगुरायचा. बातमी गल्लीत गेली आणि तज्ज्ञ जमले.

पहिल्या आल्या शेजारच्या मावशी. "डोहाळं लागल्यात की गं त्येला. चिंच दाव बघू जरा."

"मावशी, बोका हाय त्यो," मी म्हणाले.

मावशी जराही डगमगल्या नाहीत. "मग नजर लागली असंल." त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. घरातली माणसं खोकून बेजार झाली, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, आणि मावशी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "बगा, ठसका म्हनून न्हाय. लई जबर नजर हाय."

मग कोपऱ्यावरचा टांगेवाला आला. "गरमी चढी इसकू," असं म्हणून त्यानं घोड्याला औषध पाजायची बांबूची नळी आणली आणि बोक्याला एरंडेल पाजलं. अर्धं त्याच्याच सदऱ्यावर सांडलं. बोक्यानं त्याचं मनगट फाडलं, तेव्हा तो खूश होऊन म्हणाला, "ताकत है अभी." एरंडेलही उलटून पडलं, पण ते बघायला तो थांबला नव्हता.

वडलांचं निदान तयारच होतं. "जंत. नुसतं खातोय आन् वाळतोय." बोका खात नव्हता हीच मुळी तक्रार होती, पण वडलांनी बोलायला सुरुवात केली की तक्रारीला कोण विचारतो? एवढ्या जणांनी शेपूट बघितली, पोट दाबलं, दृष्ट काढली. त्याचं तोंड उघडून बघावं असं एकालाही सुचलं नाही.

मी म्हणाले, दवाखान्यात नेते. घर हसलं. "मांजराला दवाखाना? उद्या उंदरालाबी न्हेशील," काका म्हणाले. मी बोक्याला झाकणाच्या टोपलीत घातलं आणि त्याच टांग्यातून गुरांच्या सरकारी दवाखान्यात गेले. टांगेवाला वाटभर एरंडेलाचे गुण सांगत होता.

दवाखान्यात बैल, म्हशी आणि त्यांचे मालक. डॉक्टरांनी टोपलीत डोकावून विचारलं, "दूध किती देतंय?" आणि स्वतःच हसले. कंपाउंडरही हसला, ते त्याच्या कामातच धरलेलं असावं. मला संतापानं रडू फुटलं. तेव्हा मात्र डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. त्यांनी बोक्याला टॉवेलमध्ये आवळलं, जबडा उघडला, आणि हनुवटीच्या खालून अंगठा दाबून जीभ वर उचलली. जिभेच्या मुळाशी दोऱ्याचा वेढा बसला होता, मांसात रुतलेला.

"सूत गिळलंय. एक टोक इथं अडकलंय, दुसरं आतड्यात," ते म्हणाले. "नाडी ओढल्यावर परकर गोळा होतो ना, तसं आतडं दोऱ्यावर गोळा झालंय." त्यांनी तो वेढा कात्रीनं कापला. "आता खालून निघालं तर निघालं. पोट फाडायचं काम मांजरावर मी करत नाही. मागून दोरा दिसला तर ओढायचा नाही. ओढला की आतडं चिरतं. लोंबेल तेवढाच कापायचा, बाकीचा आपोआप येऊ द्यायचा. तुम्ही मागवाले ना? म्हणून परत सांगतो, ओढायचा नाही."

घरात आम्ही तेलुगू बोलतो, गल्लीत मराठी. मी ते दोन्ही भाषांत सांगितलं. काकांनी शेजाऱ्यांनाही ऐकू जावं म्हणून मराठीत उत्तर दिलं, "व्हय व्हय, कळलं. दोऱ्याचं मला नगं शिकवू."

दुसऱ्या दिवशी बोका पेज चाटून गेला आणि ती पोटात राहिली. त्याच्या पुढच्या सकाळी त्यानं पंजा चाटला. मी त्याला माझी सगळी रड सांगितली, त्यानं नेहमीसारखी ऐकली, आणि मी आनंदात कॉलेजला गेले.

परत आले तेव्हा माग बंद होते. काका पायरीवर बसले होते. दोरा अजून त्यांच्या बोटाला गुंडाळलेला होता.

"हातभर आला की अलगद," ते म्हणाले. "मग अडकला. वाईच जोर लावला."

बोका मागाखाली आडवा पडला होता. पोट ताठ, डोळे उघडे, श्वास वरवरचा. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, या वेळी तो गुरगुरला नाही. दिवे लागायच्या आत तो गेला.

"तुमी मारलं त्येला," मी काकांना म्हणाले. घरातल्या मोठ्या माणसाला मी असं पहिल्यांदाच बोलले, आणि आजही त्यातला एकही शब्द मला मागं घ्यायचा नाही. काकांनी बोटावरचा दोरा उजेडात धरून बघितला. "सूतच हलकं," ते म्हणाले. "चांगलं असतं तर निघालं असतं."

गल्लीही जमली. मावशी म्हणाल्या, नजरच ती, सोडती व्हय? टांगेवाला म्हणाला, तेल कमी पडलं. वडील म्हणाले, जंतच. बोका मेला, पण निदान एकाचंही चुकलं नाही.

परसातल्या लिंबाखाली खड्डा काढला. वडलांनी विकायला न गेलेल्या चादरीचा तुकडा फाडून दिला, त्यात मी त्याला गुंडाळलं. फाडलेल्या कडेचा एक दोरा सुटून लोंबत होता. काकांचा हात सवयीनं पुढं आला. मी त्यांच्याकडं बघितलं, तसा त्यांनी तो मागं घेतला आणि पाठीशी धरला.

दोरा तसाच लोंबत मातीत गेला. जन्मात काकांनी तेवढा एकच दोरा ओढायचा सोडला असेल, आणि तोच नेमका ओढला असता तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं.