थोर की चोर

थोरसेन साहेब गेल्याचं कळलं ते त्यांच्या बहिणीच्या पत्रातून. नॉर्वेहून जव्हारच्या टपालात आलेलं छोटंसं इंग्रजी पत्र. भाऊ थंडीत आजारी पडला, पुन्हा उठला नाही, शेवटपर्यंत तुमच्या डोंगरांबद्दल बोलत होता, एवढंच त्यात होतं. पत्र वाचून माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हे. वाटलं, हे खरं असेल ना? साहेबांबद्दल काहीही कानावर आलं की आधी शंका घ्यायची, ही सवय त्या काळी मलाच काय, सगळ्या संस्थानालाच लागली होती. गेल्या काही आठवड्यांत शंका ओसरली आणि माणूस आठवू लागला, म्हणून हे लिहितो आहे.

ते आले तेव्हा युरोपात लढाई चालू होती. मी जव्हारच्या शाळेत शिकवत होतो. दिवाळी नुकतीच झाली होती. कारभाऱ्यांनी मला कचेरीत बोलावून सांगितलं, ‘एक गोरा गृहस्थ आलाय. रानातल्या लोकांच्या गोष्टी गोळा करायच्यात म्हणतो. तुम्ही दुभाषे म्हणून बरोबर जा.’ मग म्हणाले, ‘गोष्टी ऐकायला इतक्या लांबून कुणी येतं का, मास्तर? लक्ष ठेवा.’ मी नकाशात नॉर्वे शोधून काढला, तर तो जर्मनीच्या डोक्यावरच बसलेला. माझं लक्ष आपोआपच राहिलं.

माणूस उंच, खांद्यात वाकलेला, पन्नाशीचा. मराठी त्यांनी मुंबईत एका शास्त्र्यांकडून शिकलेली, अगदी पोथीतली. मोखाड्याच्या बाजारात ते मिठाच्या दुकानदाराला ‘आपण कुशल आहात ना?’ असं विचारत, आणि दुकानदार माझ्याकडे बघे. बाजारभर कुजबूज होती. कुणी म्हणे पाद्री आहे, बाटवायला आलाय. कुणी म्हणे जर्मनांचा हेर. मला त्यांचं एक खटकायचं. गोष्ट कुठलीही असो, हे विचारणार ती घडली कुठे. कुठली टेकडी, कुठला झरा, तिकडे वाट कशी जाते. गोष्ट ऐकणाऱ्याला वाटेशी काय करायचं असतं?

सूर्यमाळच्या एका पाड्यावर चैतीआय नावाची म्हातारी राहायची. तिच्याकडे गोष्टी फार, असं सगळे सांगत. साहेब तिच्या अंगणात बसले आणि म्हणाले, ‘आपण गोष्ट सांगाल का?’

‘आपण म्हंजे कोण?’ चैतीआयने विचारलं. ‘मी नं तू, दोघं?’

साहेब गोंधळले. मी समजावायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला हाताने थांबवलं. ‘हो,’ ते म्हणाले. ‘दोघं.’

म्हातारी पहिल्यांदाच हसली. तरी गोष्ट मात्र सांगितली नाही. ‘यो थोरसायब थोर का चोर, ते मागून कळंल,’ असं माझ्याकडे बघून म्हणाली आणि सुपातली नाचणी पाखडत राहिली. साहेब रोज जाऊन बसत; माझी शाळा असे तेव्हा एकटेच. शिमग्याच्या सुमारास ती बोलू लागली, आणि बोलू लागल्यावर थांबेना. मी ऐकत होतो. तिच्या गोष्टीत वरची घळ होती, घळीतलं उन्हाळ्यातही न आटणारं पाणी होतं... ठिकाणं सगळी खरी.

त्या घळीत पाड्याची दळी होती. म्हणजे रान तोडून, जाळून, राखेत नाचणी पेरायची जागा. संस्थानाने तिथे बंदी घातलेली. गोष्ट सांगून झाली आणि पुढच्याच आठवड्यात जंगलखात्याचे शिपाई नेमके त्या घळीत उतरले. कोयते, कुऱ्हाडी उचलल्या आणि चैतीआयच्या मुलाला, काकड्याला, जव्हारला नेऊन कोंडलं. पाड्यावर कुणी आमच्याशी बोलेना. चैतीआयने आमच्या तोंडावर दाराला ताटी लावली. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, ‘मी सांगितलं नाही.’ मी मान डोलावली, पण विश्वास ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत गेले, बरोबर मीही. कारभाऱ्यांनी चहा मागवला आणि सरळ मुद्द्यावर आले. ‘डोंगरातल्या जागा आपल्याला चांगल्या ठाऊक झाल्यात. आणखी दळी कुठे कुठे आहेत तेवढं सांगा, मुलाला आत्ता सोडतो.’

साहेबांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, ‘मी गोष्टीतल्या बाकीच्या जागाही पाहिल्या. तिथे दळी नव्हती.’

हे साफ खोटं होतं. पलीकडच्या डोंगरावरच्या दोन दळींतून आम्ही दोघं चालून गेलो होतो. बुटांना लागलेली राख त्यांनी माझ्यासमोर झटकली होती. कारभाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘मला काही दिसलं नाही.’ साहेबांना संस्थान सोडण्याचा हुकूम झाला. काकड्या पावसाळा लागेपर्यंत आतच राहिला. त्या दिवसानंतर तरी माझी शंका फिटायला हवी होती. पण मनात आलं, इतक्या सफाईने खोटं बोलणारा माणूस आमच्याशी खरंच बोलला असेल कशावरून?

मी पाड्यावर जाऊन कचेरीतली हकिगत सांगितली. चैतीआयने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तू पण सरकारचाच माणूस.’ पुढे बऱ्याच वर्षांनी त्या शिपायांतला एकजण भेटला. मी विचारलं, तेव्हा कुणी सांगितलं होतं? तो म्हणाला, ‘सांगायला कशाला लागतं, मास्तर? रान जाळलं की धूर दिसतोच की.’ बोलताना त्याने नजर का चुकवली, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

पत्र आल्यावर मी सूर्यमाळला गेलो. चैतीआय केव्हाच गेली होती. काकड्या अंगणात खाट टाकून बसला होता. मी म्हटलं, ‘थोरसाहेब वारले.’

‘मेला?’ तो म्हणाला. ‘नीट चौकशी केलीस ना?’ मग तो उठला. मला पाणी दिलं.

पडवीत त्याची सून नाचणी निवडत पोरांना गोष्ट सांगत होती. एक राक्षस होता. त्याच्या मुलखात थंडी अशी, की नदीचं पाणी दगडासारखं होऊन जाई आणि माणसं त्यावरून चालत. सूर्य तिथे महिने महिने उगवतच नसे. अंधारात राक्षस हिंडे, गुरं खाई. एका म्हातारीने त्याला बोलण्यात गुंतवून ठेवलं, आणि गोष्टी ऐकता ऐकता उजाडलं कधी ते त्याला समजलं नाही. ऊन अंगावर पडलं, तसा तो जागच्या जागी दगड झाला.

आमच्या डोंगरात पाणी उन्हाळ्यात आटतं, त्याचा दगड कधी होत नाही. सूर्य तर नको इतका असतो. मी काकड्याला विचारलं, ‘ही गोष्ट कुणाची?’

‘कुणाची म्हंजे? आमचीच,’ तो म्हणाला. पाड्याच्या वर वाकून उभ्या असलेल्या काळ्या खडकाकडे त्याने बोट केलं. ‘तो बघ. सूर्यमाळ नाव कसं पडलं मग?’

सूनबाई गोष्ट थांबवून माझ्याकडे बघत होती. हा मास्तर इतक्या चौकशा कशाला करतो, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मी पाणी प्यालो आणि आणखी काही विचारलं नाही.