विधवेचं ऑपरेशन

"लघवी साफ होते?"

"व्हय."

"खोकताना गळते?"

"न्हाय."

"अंग खाली येतं?"

"न्हाय."

"क्युअर्ड," मोठे डॉक्टर मला म्हणाले आणि राउंडला निघून गेले.

ऑपरेशननंतरच्या तपासणीला आलेली केम गावची तान्हूबाई टेबलावरून उठेना. वय चौतीस. मी पडदा ओढला तशी हळूच म्हणाली, "बाई, माझा पाट लागून म्हैना झाला. नवं मालक म्हनत्यात, वाटच न्हाय. काय करून ठिवलंया मला?"

अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशय योनीतून खाली उतरणं. त्यावर ऑपरेशनं दोन. एकात सैल पडलेल्या भिंती आवळतात, वाट राहते. दुसऱ्यात समोरासमोरच्या भिंती एकमेकींना शिवतात; पाळीपुरत्या फटी ठेवतात. हे सोपं आणि टिकाऊ. पण नवराबायकोचा संबंध संपला. म्हणून ते म्हाताऱ्यांसाठी. तान्हूबाईला हेच केलं होतं.

राउंड संपल्यावर मी डॉक्टरांच्या खोलीत गेले.

"विधवा आहे ती," ते म्हणाले. "केस-पेपर तुम्हीच भरलात."

"त्यांच्यात विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं."

"मला कोणी सांगितलं?"

"तिला कोणी विचारलं?"

आपल्या घरातल्या सोवळ्या विधवा आत्याचं माप त्यांनी एका कुणबिणीला लावलं. मीही लावलं. विधवा लिहिलं आणि काही न विचारता पुढचा रकाना भरला. स्त्रियांच्या हक्कांवर तावातावाने बोलणारी मी.

"शिवण सोडवा," मी म्हणाले.

"अंग पुन्हा उतरेल. लघवी गळेल. चांगलं झालेलं काम मी उसवणार नाही."

"हे तिला सांगा. ठरवू दे तिला."

त्यांनी सांगितलं, भिंतीकडे बघत. तान्हूबाईने सगळं ऐकून घेतलं.

"गळंल तर गळू द्या की. फडकं बांधीन. घर मोडल्यावर फडकं बांधून भागतंय व्हय, डाक्टर?"

आठवड्याने त्यांनीच शिवण सोडवली. माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत.

सहा महिन्यांनी ती आली. वाट मोकळी होती. अंग अर्धं उतरलं होतं, हसताना लघवी गळत होती. मी अंगाला आधार म्हणून आत रबरी रिंग बसवली. "नांदतीया," एवढंच म्हणाली.

आता ऑपरेशनआधी मी प्रत्येक बाईला एकटीला बसवून विचारते, नवऱ्याजवळ जायचं आहे का, पुढे कधी जावंसं वाटेल का. काही हसतात. एकीने शिवी दिली. पण "ठाऊक नाही" असं अजून एकीनेही म्हटलेलं नाही.