खिंडीतल्या दगडांचं देऊळ

१९३१च्या उन्हाळ्यात सोलापूरबाहेरच्या एका खिंडीत, सरकारी नकाशावर देवळाची खूण होती त्या जागी, मला नुसता दगडांचा ढीग आढळला. वरच्या दगडाला शेंदूर फासलेला होता आणि तापलेल्या मुरमाला लेंड्यांचा वास येत होता. जवळच मेंढरं राखणाऱ्या म्हातारीला मी विचारलं, "आजी, देऊळ कुठं आहे?" ती हसली. "कुटलं देऊळ? हितं माजी मेंढरं मेली. दुष्काळात पाटलानं तळ्यावर गडी उभं केलं, थेंब दिला न्हाय. तवापासनं येणारा-जाणारा त्याचं नाव घेऊन दगूड मारतो की." पाटलाने तो ढीग दोनदा उधळून लावला होता. म्हणून मोजणीचे साहेब आले त्या सकाळी तिने दगडाला शेंदूर लावला आणि हे देवस्थान आहे असं त्यांना सांगितलं. "आता सरकारी देव हाय. लाव म्हणावं हात!" तिने माझ्या हातात एक दगड दिला. मी पाटलाचं नाव घेऊन तो ढिगावर मारला. पुढच्या वैशाखात पाटलाच्या मुलीच्या लग्नाला अक्कलकोटहून वऱ्हाड आलं, तेव्हा पाटलाने त्यांच्या बैलगाड्या खिंडीतून न आणता डोंगराला वळसा घालून आणवल्या.